विमानाचे नाव आणि विम्याचा हप्ता



बदलापूरहून काटईकडे येताना वाटेत नेवाळीचा नाका लागतो. एका अंगाला अंबरनाथ-उल्हासनगरची दाट वस्ती आणि दुसऱ्या अंगाला मलंगगडाचे सुळके. याच पट्ट्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने विमानांसाठी धावपट्टी केली. नेवाळी, भाल, द्वारली आणि शेजारच्या गावांची मिळून दीड हजार एकरांहून अधिक जमीन त्यासाठी गेली. कल्याणजवळची लष्करी छावणीही त्याच युद्धातली. युद्ध संपले, देशाची फाळणी झाली, आणि छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांनी आपले संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचे 'उल्हासनगर' असे नामकरण झाले. अजूनही तिथला माणूस पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असेच सांगतो. छावणीचे शहर झाले. धावपट्टी मात्र ना नांदता विमानतळ झाली, ना पुन्हा शेत झाली. २०१७ सालच्या जून महिन्यात नौदलाने तिथे भिंत घालायला घेतली, तेव्हा शेतकऱ्यांचा संताप कसा उसळला ते आपण वर्तमानपत्रांत वाचलेच आहे.

जमिनीच्या त्या तंट्यात आज मी शिरत नाही. पण त्या माळावरून जाताना दुसरा एक प्रश्न मनात येतो. एक माणूस हौसेने आकाशात उडतो आणि दुसरा त्याच आकाशाखाली भाताची लावणी करतो. वरच्याची चूक झाली किंवा त्याचे यंत्र बिघडले, तर भरपाई कोणी करायची? आणि अमुक विमान भरवशाचे, तमुक घातकी, हे ठरवायचे कोणी? खाजगी वैमानिकांची लहान विमाने, त्यांची बरीवाईट कीर्ती आणि त्यांच्या विम्याचा हप्ता यांचा इतिहास या प्रश्नांभोवतीच फिरतो. तो आज थोडक्यात सांगायचा आहे.

प्रथम आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. बैलबाजारात एखादा बैल 'मारका' म्हणून गाजला, की त्याची किंमत पडते. तो खरोखर मारका आहे, की धन्याने त्याला उपाशी ठेवून डिवचला होता, हे कोणी विचारत नाही. एकदा नाव पडले की पडले. याच्या उलट, देखणा बैल आतून खोडकर असतो आणि दलालाच्या गोड बोलण्यावर चढ्या भावाने खपतो. विमानांचेही असेच आहे. फरक इतकाच, की विमानाच्या बाजारात नावाची किंमत दरवर्षी नव्याने मोजावी लागते. त्या किमतीलाच विम्याचा हप्ता म्हणतात.

विमा म्हणजे काय? गावातली भिशीच म्हणा ना. शंभरजणांनी थोडे थोडे पैसे एकत्र ठेवायचे आणि ज्याच्यावर संकट येईल त्याला त्यातून उभे करायचे. समजा, शंभर विमाने आहेत आणि प्रत्येकाची किंमत दहा लाख रुपये आहे. वर्षात तीन विमाने मोडली, तर भरपाई तीस लाखांची. खर्च आणि नफा बाजूला ठेवला, तर प्रत्येकाच्या वाट्याला तीस हजार रुपये येतात. आता विमाने फक्त वीसच आहेत असे धरा आणि तेवढीच तीन मोडली असे धरा. प्रत्येकाच्या डोक्यावर दीड लाख रुपये बसतात! मोटारी लाखोंनी असतात, म्हणून त्यांच्या विम्याला स्थिर पाया मिळतो. लहान विमाने मोजकी, त्यामुळे एका अपघाताचा धक्का साऱ्यांना बसतो. अपघात करणारा एक आणि वाढीव हप्ता भरणारे बाकीचे, अशी ही गत आहे.

विमानाच्या विम्याची सुरुवात लंडनमधल्या लॉइड्स या विमेवाल्यांच्या जुन्या बाजारात झाली. या बाजाराचा उगम कॉफीच्या एका दुकानात आणि त्याचा मुख्य धंदा जहाजांच्या विम्याचा. तिथे १९११ साली विमानाची पहिली विमापत्रे लिहिली गेली. पण १९१२ साली खराब हवेत विमाने कोसळून इतके नुकसान झाले, की हा धंदाच आवरता घ्यावा लागला. जहाजांची शेकडो वर्षांची नोंद विमेवाल्यांजवळ होती. कोणत्या समुद्रात कोणत्या महिन्यात वादळ होते, कोणते गलबत किती वर्षे टिकते, हे त्यांना ठाऊक होते. विमानाची अशी नोंदवहीच नव्हती. नोंद नाही म्हणून अंदाज नाही, आणि अंदाज नाही म्हणून रास्त दरही नाही. पहिल्या महायुद्धानंतर विमाने वाढली, अपघातांच्या नोंदी साठत गेल्या, आणि मग या विम्याला पुन्हा बैठक मिळाली.

आपल्याकडे हौशी उड्डाणाचा आरंभ मुंबईच्या जुहूला झाला. १९२८ साली तिथे विमानतळ आणि बॉम्बे फ्लाइंग क्लब यांची सुरुवात झाली. याच क्लबात शिकून जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळवला. हिंदुस्थानात दिलेला तो पहिल्या क्रमांकाचा परवाना. त्या काळी जगभरच्या क्लबांत इंग्लंडच्या डी हॅविलंड कंपनीची 'मॉथ' विमाने चालत. मॉथ म्हणजे पतंग, दिव्याभोवती फिरणारा कीटक. १९२५ साली निघालेल्या पहिल्या मॉथचे पंख दुमडून ठेवता येत, त्यामुळे ते लहानशा शेडमध्ये मावे. जागेचे भाडे वाचे आणि वादळवाऱ्यात विमान उघड्यावर राहत नसे. विमान रात्री कुठे ठेवता, हा प्रश्न विमेवाला आजही विचारतो तो याच कारणाने.

या कुळातले पुढचे एक विमान म्हणजे 'पस मॉथ'. त्याचे पहिले उड्डाण १९२९ साली झाले. बंद खोलीसारखी बैठक, वर एकच पंख, चांगला वेग. श्रीमंत हौशी वैमानिकांच्या ते फार पसंतीस उतरले. आणि मग वाईट बातम्या येऊ लागल्या. ऑक्टोबर १९३० मध्ये ऑस्ट्रेलियात एक पस मॉथ हवेतच मोडले. मे १९३१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ड्रॅकेन्सबर्ग पर्वतावर प्रसिद्ध उड्डाणवीर ग्लेन किडस्टन पस मॉथमधून जाताना मरण पावला. असे एकामागून एक अपघात घडत गेले. विमान जमिनीवर आपटले असते तर वैमानिकाला दोष देता आला असता. पण पंखच हवेत सुटला, तर दोष कोणाचा?

आता लक्ष देऊन ऐका. याच काळात, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाची पिशवी घेऊन उड्डाण केले. अहमदाबादेत थांबून ते जुहूला उतरले, आणि तिथून पुढे नेव्हिल व्हिंटसेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला टपाल पोचवले. आपल्या देशाच्या हवाई वाहतुकीचा हा श्रीगणेशा. ते विमान कोणते होते? पस मॉथच! ज्याच्या नावाने जगात शंका घेतली जात होती, त्याच जातीच्या विमानाने आपल्याकडे इतिहास घडवला. तीनच महिन्यांनी, जानेवारी १९३३ मध्ये, इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया एकट्याने उडून गेलेला बर्ट हिंकलर इटलीच्या डोंगरात पस मॉथसह कोसळून गेला.

मग या विमानाचे खरे रूप कोणते, टाटांचे की किडस्टनचे? याचे उत्तर बाजारातल्या गप्पांनी दिले नाही, ते चौकशीने दिले. इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी मोडलेले भाग गोळा करून तपासले, नमुन्यांवर प्रयोग केले. जोराच्या, खवळलेल्या हवेत आणि जास्त वेगात पंखाला आधार देणाऱ्या तिरप्या दांडीवर नको तेवढा ताण येऊन ती दगा देते, असे त्यांना आढळले. उपाय काय? त्या आधारात बळकटीची आणखी एक छोटी दांडी बसवायची. एवढ्याशा दांडीवाचून माणसे गेली होती, आणि तेवढ्याच दांडीने विमान भरवशाचे झाले. पुढे १९३३ साली डी हॅविलंडने त्याच धर्तीचे 'लेपर्ड मॉथ' काढले. पहिल्या टपाल-उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ साली, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या टाटांनी पुन्हा कराची ते मुंबई उड्डाण केले ते लेपर्ड मॉथमधूनच.

यातून घ्यायचा धडा असा. बदनामी खोटी असेलच असे नाही आणि खरी असेलच असेही नाही. चौकशीने ती तावूनसुलाखून घ्यावी लागते. नुसता हप्ता वाढवून विमान सुधारत नाही. पण चौकशी झाली, दोष सापडला, दुरुस्ती झाली आणि त्याची नोंद राहिली, तर हप्त्यालाही खाली यायला वाट मिळते.

कधी दोष यंत्रात थोडा आणि माणसात फार असतो. अमेरिकेत १९४७ साली 'बोनान्झा' नावाचे चार आसनी विमान बाजारात आले. त्याचे शेपूट इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे होते. ते महाग आणि फार वेगवान. ते विकत घेणारे बहुधा डॉक्टर, वकील असे सुखवस्तू लोक. पैसा भरपूर, पण उडण्याचा सराव बेताचा. ढगात शिरले की त्यांचे भान सुटे, विमान वेगाने खाली झेपावे, घाबरून ते सावरायला जावे तो ते मोडे. लोकांनी त्या विमानाला 'डॉक्टर मारणारे' असे क्रूर टोपणनाव ठेवले. सारा दोष वैमानिकांवर ढकलून चालणार होते का? नाही. नंतरच्या तपासणीत शेपटीलाही बळकटी हवी असे दिसले आणि १९८७ साली अमेरिकन सरकारने ती सक्तीची केली. म्हणजे बैलही थोडा अवखळ होता आणि गाडीवानही नवखा होता.

म्हणूनच विमेवाला हप्ता ठरवताना नुसते विमानाचे नाव पाहत नाही. तो विचारतो: तुम्ही एकूण किती तास उडालात? त्यातले याच जातीच्या विमानावर किती? चाके आत घेता येणारे विमान आहे का? कारण चाके खाली सोडायची विसरून पोटावर उतरणारे महाभाग प्रत्येक देशात निघतात. तिसरे चाक नाकाखाली आहे की शेपटीखाली? शेपटीच्या चाकाचे विमान उतरताना भोवऱ्यासारखे गरकन फिरायला बघते. विमान स्वतः चालवणार, भाड्याने देणार, की शिकाऊ मुलांच्या हाती देणार? विम्याचे भागही दोन: एक विमानाच्या स्वतःच्या नुकसानीचा आणि दुसरा त्यातल्या प्रवाशांच्या व खालच्या लोकांच्या नुकसानीचा. जुन्या, स्वस्त विमानाचा मालक पुष्कळदा पहिला भाग सोडून देतो. दुसरा सोडणे मात्र शेजाऱ्याच्या जिवाशी खेळणे होय.

आपल्या देशात या धंद्याची पायाभरणी मुंबईतच झाली. सर दोराबजी टाटा यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स कंपनीने १९४६ साली विमान-विम्याचे स्वतंत्र खाते उघडले. पुढे १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचा धंदा सरकारी मालकीचा झाला आणि कित्येक वर्षांनी खाजगी कंपन्यांना पुन्हा मुभा मिळाली.

विमाने घडवण्यातही मराठी माणूस मागे नव्हता. कोल्हापूर भागातले डॉ. विष्णु माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगनला प्रान्ट्ल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले आणि बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात त्यांनी भारतीय विमाने घडवली. त्यांचे 'एच. टी. २' हे शिकाऊ विमान १९५१ साली उडाले. १९५८ साली दोन आसनी 'पुष्पक' उडाले, ते खास फ्लाइंग क्लबांसाठी. नव्वद अश्वशक्तीचे साधे एंजिन, वर पंख, कापडाचे आच्छादन, आणि वेग बेताचा. कोणाला त्यात रुबाब दिसणार नाही. पण नवख्या मुलाच्या हाती देण्याच्या विमानाला रुबाब काय करायचा? चुकीला क्षमा करणारे यंत्र हवे. आपल्या कित्येक वैमानिकांनी पहिली एकट्याची भरारी पुष्पकातून मारली.

हप्ता आणि भरपाई यांचा बोजा आवाक्याबाहेर गेला की काय होते, याचे उदाहरण पुन्हा अमेरिकेचे. तिथे अपघात झाला की वैमानिकाची चूक असो वा नसो, कारखानदारावर दावे लागत, तेही तीस-तीस वर्षे जुन्या विमानांबद्दल. कारखानदारांचा विम्याचा खर्च विमानाच्या किमतीत चढू लागला. मंदी होती, इतर कारणेही होती. १९७८ साली सतरा हजारांहून अधिक विमाने करणारा तो धंदा १९९४ साली हजाराच्या आत आला. सेस्ना या नामांकित कंपनीने तर १९८६ साली आपली लहान पिस्टन-एंजिनाची विमाने करणेच थांबवले. अखेर १९९४ साली कायदा झाला, की अठरा वर्षांपेक्षा जुन्या लहान विमानाबद्दल कारखानदारावर सहसा दावा चालणार नाही. दोन वर्षांत सेस्नाने पुन्हा काम सुरू केले. यात विधवांचे आणि जखमींचे हक्क आखडले, अशी तक्रारही झाली. ती विसरून चालणार नाही. एकीकडे उद्योग जगवायचा, दुसरीकडे नुकसान झालेल्याचे पुसायचे, हा तोल कोणत्याही देशाला सोपा गेलेला नाही.

नव्या यंत्राचेही तसेच. अमेरिकेतल्या सिरस कंपनीच्या विमानाला सबंध विमान खाली उतरवणारी हवाई छत्री असते. १९९८ साली त्याला मान्यता मिळाली. लोकांना वाटले, आता अपघाती मृत्यू संपले. पण पहिली काही वर्षे त्याची नोंद अपेक्षेइतकी चांगली नव्हती. छत्री होती, पण ती केव्हा उघडायची हे वैमानिकांच्या अंगवळणी पडले नव्हते. शिकवण्याची पद्धत सुधारली, तशी नोंदही सुधारली. हत्यार नुसते खुंटीला असून भागत नाही, हात शिकलेला लागतो.

आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचे. त्यांनी मुंबईच्या कांदिवलीत, चारकोप येथे, इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले, २०१७ साली त्याची नोंदणी झाली आणि २०१९ साली चाचणी-उड्डाणाची परवानगी मिळाली. धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या. अशा नव्या विमानाला ना चांगले नाव असते ना वाईट. त्याची वही कोरी असते. ती एकेका तासाने भरावी लागते. सरकारी परवानग्यांना वेळ लागतो म्हणून आपण चिडतो, आणि कधी कधी ते चिडणे रास्तही असते. पण त्या तपासणीमागे खालच्या माणसाचा जीव आहे, हेही लक्षात ठेवावे.

आता त्या खालच्या माणसाकडे, म्हणजे तुमच्याआमच्याकडे येऊ. १९३४ च्या आपल्या विमान कायद्यात असे कलम होते, की वाजवी उंचीवरून विमान नुसते जमिनीवरून गेले, तर 'माझ्या हद्दीत शिरले' असा दावा मालकाला करता येणार नाही. हे योग्यच आहे, नाहीतर प्रत्येक बांधावर विमानाला थांबावे लागेल. पण आकाश सर्वांना मोकळे करायचे, तर खाली पडणाऱ्या नुकसानीची हमीही पक्की हवी. इंग्लंडने १९२० च्या कायद्यातच ठरवले होते, की विमानामुळे जमिनीवरच्या माणसाचे किंवा मालमत्तेचे नुकसान झाले, तर मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. भरपाई मिळाली पाहिजे. शेतात राबणाऱ्याने विमानाच्या एंजिनातला दोष कसा शोधावा? न्यायाची ही दृष्टी शंभर वर्षांपूर्वीची असली, तरी आजही तितकीच खरी आहे.

आणि हा प्रश्न केवळ धनिकांच्या विमानांचा राहिलेला नाही. आज पिकांवर फवारणी करणारे ड्रोन गावोगाव येत आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांत, अगदी लहान ड्रोन सोडले तर, दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा सांगितलेला आहे. तुमच्या शेतावर फवारणीला कोणी आला, तर दर विचारता तसा हाही प्रश्न विचारा: 'विमा आहे का? चालवणारा शिकलेला आहे का?' विचारण्यात संकोच कसला?

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. वर्गात मुलांना हे गणित घाला. समजा, एका जातीची विमाने वर्षात दहा हजार तास उडाली आणि दोन अपघात झाले. दुसऱ्या जातीची एक हजार तास उडाली आणि एकच अपघात झाला. घातकी कोणते? पुष्कळ मुले म्हणतील, पहिले, कारण त्याचे अपघात दोन. मग त्यांना तास मोजायला लावा. पहिल्याचा अपघात पाच हजार तासांना एक, दुसऱ्याचा हजार तासांना एक. बातमी आणि प्रमाण यांतला फरक मुलाला एकदा कळला, की तो रोगराईच्या, पिकांच्या आणि माणसांच्या बाबतीतही उगाच कोणाला बदनाम करणार नाही.

नेवाळीच्या माळाची गोष्ट मी सुरुवातीला काढली ती यासाठीच. युद्धाच्या घाईत धावपट्टी झाली, विमाने आली आणि गेली, पण ज्यांच्या जमिनीवरून ती उडाली त्यांचा हिशेब आठ दशके रेंगाळला. उडणाऱ्याच्या हौसेचा, धाडसाचा आणि यंत्राचा हिशेब मांडणारे पुष्कळ असतात. खालच्याचा हिशेबही त्याच वहीत, त्याच शाईने लिहिला गेला पाहिजे. तसे झाले, तर वरून विमानाचा आवाज आला की भात लावणारा माणूस कमरेवर हात ठेवून वर पाहील आणि कौतुकाने म्हणेल, 'चालला बघा!'